रेनहिल्डचं बंद होणारं प्रथिन

नवव्या खेपेचाही आलेख सपाट आला, तेव्हा बावोने बैठकीत रेनहिल्डकडे न बघताच म्हटलं, "परत करायला लागेल."

"काय परत करायला लागेल?" रेनहिल्डने विचारलं.

"प्रथिन. या खेपेचं धरत नाहीये."

"नऊपैकी दोन खेपांचं धरलं होतं, बावो. त्या दोन वेळी माझे हात वेगळे होते का?"

मंगळवारची सकाळ होती, बाहेर कालव्यावर धुकं होतं आणि कॉफीच्या यंत्रातून शेवटचे थेंब पडत होते. बावोने वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या विषयाकडे वळला. रेनहिल्डने चष्मा काढून डोळे चोळले. या बाईला मी वीस वर्षं ओळखत होतो, आणि ती असे डोळे चोळायला लागली की उरलेला दिवस तिच्याशी बोलायला जाऊ नये, एवढं मला कळत होतं.

मी मार्निक्स. बेल्जियममधल्या गेंटच्या त्या प्रयोगशाळेत दोन प्रथिनं एकमेकांना किती घट्ट धरतात हे मोजणारं यंत्र माझ्या ताब्यात होतं. म्हणजे ते सपाट आलेख माझ्याच खोलीतून निघत होते. प्रथिन तिने बनवायचं, मी मोजायचं, आणि नाही जुळलं की दोष तिचा, अशी आमच्याकडची रीत होती. ती कुणी ठरवली नव्हती. यंत्र महाग होतं आणि रेनहिल्ड जुनी होती, त्यामुळे ती आपोआप पडली.

रेनहिल्ड दे प्राटर मूळची झेले गावची. वडिलांची बेकरी होती. चाळीस वर्षं पिठाच्या धुळीत काढल्यावर त्यांना दमा जडला आणि शेवटी शेवटी ते भट्टीपासून दुकानाच्या दारापर्यंत एका दमात चालू शकत नव्हते. बेकरी विकली. रेनहिल्ड तंत्रशाळेतून बाहेर पडून एका बिअरच्या कारखान्यात यीस्ट तपासायला लागली आणि तिथून सत्ताविसाव्या वर्षी आमच्याकडे आली. पदवी नाही. तिने पाच प्रमुख पाहिले. बावो लामर्टाइन हा सहावा, तिच्याहून सतरा वर्षांनी लहान. परदेशात नाव कमावून आला होता. माणूस वाईट नव्हता. वाढदिवसाला स्वतः केक आणायचा, कुणाचं मूल आजारी पडलं तर घरी पाठवायचा. पण आलेखात दिसत नाही ते त्याच्या लेखी नव्हतंच.

आमचं काम एका निरोप्या प्रथिनावर चाललं होतं. फुप्फुसाच्या अस्तराला इजा झाली की हे प्रथिन पेशीतून बाहेर सांडतं आणि रोगप्रतिकार करणाऱ्या दुसऱ्या पेशींच्या पाठीवर बसलेल्या ग्राही प्रथिनाला जाऊन बिलगतं. ते बिलगलं की त्या पेशीला आतून हुकूम सुटतो आणि दाह सुरू होतो. हा निरोप गरजेचा असतो, पण थांबलाच नाही तर माणूस धापा टाकत बसतो. निरोप्याचा नेमका कुठला भाग ग्राहीच्या कुठल्या खाचेत बसतो, हे आम्हाला बघायचं होतं. त्यासाठी दोघं एकमेकांना धरून असतानाच त्यांचे स्फटिक बनवायला हवेत, आणि ही दोघं तर एकमेकांना धरतच नव्हती. प्रथिनाला लांबलचक नाव होतं. रेनहिल्ड त्याला उपद्व्यापी म्हणायची.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती माझ्यापासून सुरू झाली. पूर्वी रेनहिल्ड प्रथिन शुद्ध करताना शेवटच्या पाण्यात एका द्रवाचे थोडे थेंब घालायची. त्याला सडक्या अंड्यांसारखा वास यायचा. तिची थंड खोली माझ्या खोलीला लागून, आणि हवेची नळी दोघांत एकच. त्या बैठकीच्या दीड वर्ष आधी मी सुरक्षा विभागाला लिहून कळवलं की या वासाने माझं डोकं दुखतं. त्यांनी एक फॉर्म पाठवला, मग एक माणूस पाठवला, मग पत्र पाठवलं: शेवटच्या टप्प्यात हा द्रव वापरू नये.

रेनहिल्डने उलट पत्र लिहिलं की तो द्रव प्रथिनातल्या गंधकाला सांभाळतो, काढला तर काय होईल सांगता येत नाही. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा लिहिलं, दर वेळी एक प्रत बावोला. त्यावर तिला वायुवीजनाबद्दल एक माहितीपत्रक आलं. मग ती बावोकडे गेली.

"सगळे लोक हे सगळ्या प्रथिनांत घालतात, सवय म्हणून," बावो म्हणाला. "बाहेरच्या तीन प्रयोगशाळा याशिवाय काम करतात. चालेल."

"हेच प्रथिन बनवतात का त्या?"

"साधारण त्याच घराण्यातलं."

"माझी बहीणही माझ्याच घराण्यातली आहे. तिला माझे बूट होत नाहीत."

पण द्रव गेला. आणि आलेख सपाट व्हायला लागले.

तुम्ही म्हणाल, मग यात न कळण्यासारखं काय होतं. मीही आता तेच म्हणतो. पण त्या दोन खेपांनी घोळ केला. एक मार्चमध्ये आणि एक सप्टेंबरात, द्रव नसतानाही प्रथिनाने ग्राहीला झक्कास धरलं होतं. त्यामुळे बावोने ठरवलं की प्रश्न द्रवाचा नाही, हाताचा आहे. कधी जमतं, कधी जमत नाही. तिला एका खासगी कंपनीच्या तीन दिवसांच्या शिबिराला पाठवलं, प्रथिन शुद्ध कसं करावं हे शिकायला. शिकवणारा मुलगा तिशीचा होता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तोच तिला विचारायला लागला की अमुक प्रथिन गोळा होऊन खाली बसतं त्याला काय करावं. तिने सांगितलं. परत आली तर टेबलावर दहाव्या खेपेची मागणी पडलेली.

त्या दिवशी तिने जेवणाच्या खोलीत डबा उघडला, ब्रेडचे चार तुकडे आणि चीज, आणि तसाच बंद केला.

"मार्निक्स," ती म्हणाली, "मार्चमधल्या खेपेचं तू कधी मोजलंस?"

"मला कसं आठवणार?"

"मला आठवायची गरज नाही, माझ्याकडे लिहिलंय. मी दुपारी दोनला दिलं, तू तीनला मोजलंस, कारण दुसऱ्या दिवसापासून तू सुट्टीवर होतास. सप्टेंबरातलंही त्याच दिवशी मोजलंस. बाकी सातही वेळा मी शुक्रवारी दिलं आणि तू सोमवारी मोजलंस. कधी तर बुधवारी."

"शीतपेटीत होतं ना ते. तीन दिवसांत काय होतंय?"

"तेच मला बघायचंय. तुझं यंत्र एक दिवस दे."

"तीन आठवडे भरलेत. आणि बावोने दहावी खेप सांगितलीये."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तीन आठवड्यांचा शब्द गिळून गुरुवार दिला. राग मलाही आलाच होता. एकच काम दीड वर्ष करून मीही विटलो होतो, आणि वर हिने माझ्या वारांचा हिशोब काढला होता.

गुरुवारी ती सकाळी सातला येऊन बसली. एकाच खेपेचे दोन भाग केले होते. एकात तो वासाचा द्रव, दुसऱ्यात नाही. सुरक्षा विभागाचं पत्र तिने बाटलीखाली अंथरलं होतं, द्रव सांडला तर टेबल खराब नको म्हणून. दर दोन तासांनी ती दोन्हीतून थोडं काढून मला द्यायची, मी ते यंत्रात सोडायचो. यंत्रात एका सोन्याच्या पातळ चकतीवर ग्राही प्रथिन चिकटवलेलं असतं, वरून निरोप्या वाहत जातो, त्याने धरलं की रेघ वर चढते. पहिल्या वेळी दोन्ही रेघा एकसारख्या चढल्या. दोन तासांनी द्रव नसलेली रेघ थोडी खाली. चार तासांनी निम्मी. दुपारी तिने थर्मासमधलं लीकचं, म्हणजे कांद्याच्या जाड पातीसारख्या भाजीचं, सूप माझ्या कपात ओतलं आणि परत थंड खोलीत गेली. सहा वाजता ती रेघ जवळजवळ आडवी झाली होती. द्रव असलेली सकाळइतकीच उंच.

"वास येतोय का?" तिने विचारलं.

येत होता. मी नाही म्हणालो.

तिने आणखी एक गोष्ट केली होती. दर वेळच्या नमुन्यातलं थोडं जेलमध्ये, प्रथिनं वेगळी करणाऱ्या मऊ जाळीत, चालवून ठेवलं होतं. द्रव नसलेल्या भागात प्रथिनाच्या नेहमीच्या पट्टीच्या किंचित खाली दुसरी एक अंधुक पट्टी उगवत होती, आणि तासागणिक ती दाट होत होती. खाली याचा अर्थ ते प्रथिन जाळीतून जास्त पटकन सरकत होतं, म्हणजे जास्त आवळलेलं होतं. ही अंधुक पट्टी तिने वर्षभरापूर्वी बैठकीत दाखवली होती. बावोने तिला डाग म्हटलं होतं. मीही मान डोलावली होती.

शुक्रवारी आम्ही दोघं बावोच्या खोलीत गेलो. त्याने आलेख पाहिले, जेल पाहिलं, खुर्चीत मागे टेकला.

"म्हणजे माल खराब होतोय," तो म्हणाला. "मी तेच म्हणत होतो."

रेनहिल्डचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नाही, पण तिने हातातली वही टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मोकळे केले.

"खराब झालेलं प्रथिन कसं दिसतं मला माहीत आहे, बावो. गढूळ होतं, खाली बसतं, तुकडे पडतात, जेलवर शेपूट निघतं. यातलं काही झालेलं नाही. पाणी स्वच्छ आहे. पट्टी रेखीव आहे, नुसती सरकलेली. मी खालच्या मजल्यावर वजन करून घेतलं. अख्ख्या प्रथिनाच्या वजनात चार हायड्रोजनचा फरक पडलाय. बास, चारच. याच्यात चार ठिकाणी गंधक आहे. हवा लागली की दोन-दोन गंधक एकमेकांना चिकटतात आणि चार हायड्रोजन जातात. इतकं नेटकं. हे खराब होत नाहीये. हे बंद होतंय."

ती उभी राहिली, अंगातल्या पांढऱ्या कोटाचं तिसरं बटण काढून पाचव्या काजात घातलं, चौथं तसंच राहू दिलं. कोट एका बाजूला ओढला गेला, खांदा वर आला.

"कोट तोच," ती म्हणाली. "कापड फाटलेलं नाही. आता बाही कुठे गेली बघ. ग्राही त्या बाहीला धरतो. बाही जागेवर नाही तर काय धरेल?"

"पण पेशीच्या आत असं होणार नाही," बावो हळू म्हणाला. "आत तुझ्या द्रवासारखंच वातावरण असतं."

"आत नाही होणार. बाहेर पडल्यावर होईल. आणि ते काम करतं बाहेर."

तेव्हा कुठे तो पुढे झुकला. निरोप्या बाहेर पडतो, काही तास निरोप देतो, आणि मग त्याचा आकारच त्याला गप्प करतो. असं असेल तर आम्ही दीड वर्ष ज्याला दोष म्हणून धुऊन टाकत होतो ती प्रथिनाची स्वतःची सोय होती. बावोने विचारलं, "फुप्फुसातल्या पाण्यात करून बघता येईल?"

"इल्केने काल लावलंय," रेनहिल्ड म्हणाली. इल्के आमची पीएचडीची विद्यार्थिनी, बावोला फार मानणारी, आणि त्याला न विचारता तिने पहिल्यांदाच काही केलं होतं. "उंदरांच्या फुप्फुसातून काढलेल्या पाण्यात. तिथे माझ्या बाटलीपेक्षा लवकर बंद होतं."

पुढचे पाच महिने आम्ही सगळे तेच करत होतो. बावो तर थंड खोलीत स्वेटर घालून उभा राहायचा. इल्केने जनुकात चार अक्षरगट बदलले, म्हणजे चारही गंधकांच्या जागी दुसरं काहीतरी बसलं, चिकटणारच नाही असं. ही सूचनाही रेनहिल्डची, चौथ्या खेपेनंतरची, बैठकीच्या नोंदीत आहे. बदललेलं प्रथिन तिने बनवलं. ते आठवडाभर उघड्यावर ठेवलं तरी ग्राहीला पहिल्या तासासारखंच धरत होतं.

आम्ही निष्कर्ष लिहायला घेतले आणि फेब्रुवारीत एका सकाळी दुसऱ्या देशातल्या एका गटाचा लेख छापून आला. तेच प्रथिन, तेच चार गंधक, तेच बंद होणं. जेलचा फोटोसुद्धा आमच्यासारखा.

बावो स्वतः थंड खोलीत सांगायला गेला. मी दारात होतो. रेनहिल्ड नळ्या धूत होती. त्याने सांगितलं, तिने ऐकलं आणि नळी उलटी करून टांगली.

"त्यांनी कधी पाठवला?" तिने विचारलं.

"त्यांनी तो सप्टेंबरात पाठवला होता."

"मी ती दुसरी पट्टी त्याच्या आदल्या सप्टेंबरात दाखवली होती."

"हो."

"मी पत्रं लिहिली होती."

"हो, रेनहिल्ड. मी वाचली नाहीत. पहिलं वाचलं. पुढची नाही."

तिने पुढची नळी घेतली. बावो तिथेच उभा होता. त्याला काहीतरी ऐकायचं होतं, शिव्या तरी. तिने म्हटलं, "बाजूला हो, पाणी उडेल," आणि तो बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिने सुट्टी टाकली होती, आणि तिने आधी न ठरवता कधी सुट्टी टाकल्याचं आमच्यापैकी कुणाला आठवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा मी कॉफी घेऊन गेलो.

"कुठे गेली होतीस?"

"ओस्टेंडला. कोळंबीची तळलेली क्रोकेट खाल्ली. वारा फार होता." मग म्हणाली, "जवळजवळ दोन वर्षं दर महिन्याला मी कुणाला ना कुणाला सांगत होते. मला वाटलं होतं माझं सांगणं कमी पडतंय. समुद्रावर बसून मोजलं. कमी नव्हतं पडत."

मी म्हणालो, "त्यांच्याकडे स्फटिक नाहीये."

"माहीत आहे. माझ्याकडे आहे."

खरंच होतं. बदललेलं प्रथिन आणि ग्राही एकत्र करून तिने तीनशे बारीक खळग्यांत वेगवेगळ्या क्षारांत ठेवून दिले होते, आणि एकाहत्तराव्या दिवशी एका खळग्यात सुईच्या टोकाएवढा, तिरका, स्वच्छ स्फटिक दिसला होता. इल्के तो हॅम्बुर्गला घेऊन गेली, तिथल्या मोठ्या वलयातल्या क्ष-किरणांसमोर धरायला. एप्रिलच्या शेवटी चित्र आलं.

आम्ही चौघं बावोच्या पडद्यासमोर बसलो. ग्राही प्रथिन प्रश्नचिन्हासारखं वाकलेलं, आणि निरोप्या त्याच्या कमानीत बसलेला. बावो एकेक धागा दाखवत होता. ग्राहीला टेकणाऱ्या जागा दोन. त्यांतली मोठी जागा एका लांब वळशावर होती, आणि त्या वळशाच्या बरोबर मुळाशी चारांपैकी दोन गंधकांच्या जागा. ती दोघं चिकटली तर वळसा आत खेचला जाणार आणि ग्राहीपर्यंत पोचणारच नाही, हे शाळेतल्या मुलालाही दिसलं असतं.

रेनहिल्ड खुर्ची ओढून जवळ गेली. चष्मा वर केला, परत खाली घेतला.

"मला वाटलं होतं सगळंच पिळवटत असेल," ती म्हणाली. "पण बाकी सगळं जागच्या जागी आहे. फक्त हा एक वळसा. एवढ्याने काम थांबतं." तिने पडद्यावरच्या वळशावर बोट ठेवलं. "माझ्या वडिलांचं ते बंद होत नसणार."

बावोने चित्र हळूहळू फिरवलं, तिला मागची बाजू दिसावी म्हणून.

आमचा लेख पुढच्या हिवाळ्यात निघाला, जिथे निघावा असं बावोला वाटत होतं तिथे नाही, त्याच्या एक पायरी खाली. बंद होण्याचा शोध दुसऱ्यांच्या नावावर, बंद का होतं याचं चित्र आमच्या. पहिलं नाव इल्केचं, दुसरं रेनहिल्डचं. रेनहिल्डने बावोला सांगितलं होतं की तिचं नाव आभारात टाकलं तरी चालेल. त्याने सांगितलं की नाही चालणार, आणि या एका बाबतीत तिने वाद घातला नाही. वासाबद्दल सुरक्षा विभागाला मी नवीन पत्र लिहिलं, जुनी तक्रार मागे घेतो म्हणून. त्याला अजून उत्तर नाही.

ती निवृत्त झाली त्याच्या आदल्या महिन्यात तिची सायकल दुरुस्तीला होती, म्हणून आम्ही एकाच ट्रामने घरी निघालो. पाऊस भुरभुरत होता. मी मनात बरंच जुळवून ठेवलेलं बोलायला घेतलं. म्हणालो की तक्रार माझी होती, सोमवारपर्यंत थांबणारा मी होतो, त्या पट्टीला डाग म्हटल्यावर मान मीच डोलावली होती.

"माहीत आहे," ती म्हणाली. "कुणी तक्रार केली ते सुरक्षा विभागाच्या माणसाने फॉर्मवरच लिहिलं होतं."

"तू कधी बोलली नाहीस."

"डोकं दुखत होतं म्हणालास. दुखत असेल." ती खिडकीबाहेर बघत होती. "त्याचा राग नव्हता मला. तुम्ही सगळे मला समजावून सांगायचात ना, त्याचा होता. सावकाश बोलून. 'रेनहिल्ड, कधी कधी असं होतं.' कसं होतं ते मला माहीत होतं. तुम्ही फक्त बघायचं होतंत."

"मला माफ कर."

"बरं," ती म्हणाली. तिने पिशवी मांडीवर घेतली, आतून लीकची जुडी डोकावत होती. "तुझा स्टॉप आला."

मी म्हटलं, अजून एक स्टॉप आहे. तिने चष्मा पुसून बाहेर पाहिलं आणि मान हलवली. नाही, आलाच होता. मी उतरलो.